नवा प्रिंटर का रुसतो?

घरात प्रिंटर येतो तो कौतुकानं, पण वायफायशी जुळवून घ्यायची वेळ आली की अडून बसतो. यंत्र बिघडलेलं आहे असं समजून दुकानात परत नेण्याआधी, आणि कुणा अनोळखी ‘तज्ज्ञा’ला फोन करण्याआधी, मैत्रिणींनो, एवढं वाचाच!

मिक्सर सकाळी घरात आला की दुपारी त्यात चटणी वाटून होते. वॉशिंग मशीनलाही फार तर एक दिवस लागतो. प्रिंटरचं मात्र तसं नाही. खोका उघडला, चिकटपट्ट्या काढल्या, शाई भरली, कागद लावला, दिवाही लागला. आणि मोबाइलवर उत्तर काय येतं, तर ‘प्रिंटर सापडत नाही!’ प्रिंटर तर समोर टेबलावर बसलेला! त्याच वायफायवर मुलांचे व्हिडिओ चाललेत, सासूबाईंचं कीर्तन चाललंय, मग यालाच कसली धाड भरली?

अशा वेळी घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘पीसच खराब दिलाय’ हे एक, आणि ‘राहू दे, पुण्याहून मुलगा आला की बघेल’ हे दुसरं. मुलगा येणार दिवाळीला, आणि कागद हवाय उद्या सकाळी!

हल्ली प्रिंटर ही चैन राहिलेली नाही. बचतगटातून कांदा-लसूण मसाला, हळद, पापड विकणाऱ्या बाईला पाकिटावर लेबल लागतं. शिकवण्या घेणारीला सरावाचे पेपर लागतात. सातबारा, आधार, शाळेचे दाखले, पेन्शनचे कागद हे तर प्रत्येक घरातच लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा कागदांसाठी बायकांची किती धावपळ झाली ते आपण पाहिलंच. त्यात आपलं आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचं म्हणजे जिवाला घोर! ते त्याच्या फोनमध्ये किती दिवस पडून राहतं, कुणाला ठाऊक? म्हणून हे यंत्र चालू होणं महत्त्वाचं, आणि ते आपलं आपल्याला चालू करता येणं त्याहून महत्त्वाचं.

छपाई आपल्याला परकी नाही

कृष्णाकाठाला छपाईचं वावडं कधीच नव्हतं. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली ती १८०५ साली. किर्लोस्करवाडीसारख्या माळावर वसवलेल्या कारखान्याच्या गावातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, आणि १९३० साली खास बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक निघालं. मराठी विश्वकोशाचं काम वाईला बसून झालं. त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. आता तीच छपाई स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर येऊन बसली आहे, इतकंच!

वायफाय निराळं, इंटरनेट निराळं

पहिली गोष्ट ही समजून घ्यायची. इंटरनेट म्हणजे बाहेरून घरात येणारी वाट. वायफाय म्हणजे घरातल्या घरात, बिनतारी, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप नेण्याची सोय. भिंतीवर लुकलुकणारी डबी, म्हणजे राउटर, हा घरातला पोस्टमन. तुमचा मोबाइल त्याच्या हाती कागद देतो आणि तो तो प्रिंटरला नेऊन पोचवतो.

याचा अर्थ असा, की फोन आणि प्रिंटर दोघंही एकाच पोस्टमनच्या हद्दीत हवेत. एवढं साधलं, की बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी घरात छपाई बहुतेक वेळा होते. (पहिल्यांदा जुळवताना मात्र काही प्रिंटरना इंटरनेट लागतं, हे ध्यानात ठेवा.) आणि उलटही खरं. घरात इंटरनेट धो-धो वाहत असेल, पण प्रिंटर पोस्टमनच्या वहीतच नसेल, तर कागदाचा कोपराही हलायचा नाही.

आधी ही चार साधी कामं

औषधोपचाराआधी आपण ताप मोजतो ना, तसंच इथंही.

एक : प्रिंटर उचला आणि राउटरच्या जवळ, चार-पाच हातांवर ठेवा. एकदा जुळला की मग हवा तिथं न्या. 

दोन : राउटर बंद करा, मिनिटभर थांबा, सुरू करा. त्याचे दिवे स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर घाई नको. त्यानंतर प्रिंटरही बंद करून सुरू करा.

तीन : आतल्या सगळ्या चिकटपट्ट्या निघाल्या का, झाकण नीट लागलं का, कागद बसला का, ते पाहा. प्रिंटरची स्वतःची तक्रार असेल तर तो जोडणीकडे लक्षच देत नाही.

चार : वायफायच्या खुणेचा दिवा पाहा. लुकलुकत असेल तर बहुतेक प्रिंटरांत त्याचा अर्थ ‘मी वाट पाहतोय, अजून जुळलो नाही’ असा. स्थिर असेल तर जुळला. अजिबात नसेल तर प्रिंटरातलं वायफायच बंद आहे. दिव्यांची भाषा कंपनीगणिक थोडी बदलते, म्हणून खोक्यातला चित्रांचा कागद रद्दीत टाकू नका!

साधी गाडी आणि विनाथांबा

इतकं करूनही जमलं नाही, तर शंभरातली कितीतरी दुखणी इथं सापडतात.

“अगं, पासवर्ड बरोबर घातलाय की मी. तीन-तीनदा घातलाय!”

“काकू, तुम्ही नाव कुठलं निवडलंत? शेवटी फाइव्ह-जी लिहिलेलं का?”

“हो, तेच. वेगवान आहे म्हणाला ना तो वायफायवाला?”

“वेगवान आहे खरं, पण तुमच्या प्रिंटरला ते दिसतच नसेल तर काय करायचं?”

आजकालचे राउटर दोन लहरींवर चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. यातली २.४ ची लहर म्हणजे आपली साधी एस.टी.; वेग बेताचा, पण वाडीवस्तीपर्यंत जाणार, भिंती ओलांडून पलीकडच्या खोलीत पोचणार. ५ ची लहर म्हणजे सातारा-पुणे विनाथांबा. वेग मोठा, पण आडगावाला उपयोग नाही. घरगुती प्रिंटरपैकी पुष्कळसे, विशेषतः स्वस्तातले, फक्त साध्या गाडीनंच प्रवास करतात. विनाथांबा गाडी त्यांच्या दारावरून गेली तरी त्यांना ती कळत नाही. (राउटरवरच्या या ‘फाइव्ह-जी’चा आणि मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जीचा काही संबंध नाही बरं का! नाव सारखं, गोत्र वेगळं.)

म्हणून फोनच्या वायफाय यादीत घरच्या राउटरची दोन नावं दिसत असतील, तर जुळवताना बिनफाइव्ह-जीचं नाव निवडा. दोन्ही लहरींना एकच नाव दिलेलं असेल, तर वायफायवाल्याला नेमक्या शब्दांत सांगा : ‘२.४ चं नाव वेगळं करून द्या.’ पाच मिनिटांचं काम आहे. तो आलाच आहे तर आणखी एक विचारून घ्या. कुलपाचा प्रकार ‘डब्ल्यूपीए-३’ ठेवलेला असेल तर जुन्या धाटणीचे प्रिंटर दाराबाहेरच राहतात; ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा दोन्ही चालतील असा प्रकार ठेवायला सांगा.

भिंत, कपाट आणि मायक्रोवेव्ह

सातारच्या पेठांतली जुनी घरं म्हणजे काळ्या दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंती. उन्हाळ्यात गारवा झकास, पण वायफायला त्या भिंती म्हणजे अजिंक्यतारा! राउटर ओसरीवर आणि प्रिंटर माजघरापलीकडे, असं असेल तर साधी गाडीही दमते. लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी हेही अडथळेच. राउटर कपाटाच्या मागं लपवू नका; उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. आणि मायक्रोवेव्हच्या शेजारी तर मुळीच नको. त्याच्या लहरी याच २.४ च्या आसपासच्या, त्यामुळं इकडं दूध तापतंय आणि तिकडं छपाई अडतेय, असं होतं.

सांगलीत निराळा प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर पाहिलेल्या घरांनी प्रिंटर, कागदपत्रं वरच्या मजल्यावर ठेवावीत हेच शहाणपण. पण मग राउटरही वरच न्यायला सांगा. मधला स्लॅब लहरींचा जोर कमी करतो.

फोनचं लक्ष कुठं आहे?

पुष्कळदा प्रिंटर बिचारा निर्दोष असतो आणि फोनच भलतीकडे बघत असतो. जुळवण्यापुरतं एवढं करा :

मोबाइल डेटा बंद ठेवा. नाहीतर फोन हळूच सिमच्या इंटरनेटवर जातो आणि घरचा पोस्टमन सोडून देतो.

ब्लूटूथ आणि ‘लोकेशन’ सुरू ठेवा, आणि कंपनीच्या अॅपनं परवानगी मागितली तर ती द्या. अँड्रॉइड फोनवर या परवानगीशिवाय अॅपला आजूबाजूचे प्रिंटर दिसत नाहीत. काम झालं की परत काढून घेता येते.

‘व्हीपीएन’ नावाचं काही लावलं असेल तर थांबवा.

‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर असाल तर तिथून बाहेर या. पाहुण्यांच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाता येत नाही, तशीच ती व्यवस्था असते.

पासवर्ड घालताना डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवून अक्षरं उघडी करा. मोठ्या लिपीतलं आणि लहान लिपीतलं अक्षर यंत्राच्या लेखी वेगळं. शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत तर रोजचीच.

पहिल्यापासून बसवा

पोळपाटावर पीठ बिघडलं की आपण गोळा मोडून पुन्हा मळतो. प्रिंटरचंही तसंच. काही प्रिंटर सुरू केल्यापासून पहिले दोन तासच जोडणीची वाट पाहतात. नंतर कंटाळून ते दार लावून घेतात. मग अॅपला ते दिसेनात! अशा वेळी वायफायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे प्रिंटर जुनं सगळं विसरतो आणि दिवा पुन्हा लुकलुकू लागतो. किती सेकंद, कुठलं बटण, ते त्या चित्रांच्या कागदावर असतं. पडदा असलेल्या प्रिंटरात ‘रीस्टोअर नेटवर्क सेटिंग्ज’ असं लिहिलेलं सापडेल. यानं प्रिंटर बिघडत नाही, घाबरू नका.

पासवर्डची कटकटच नको असेल तर राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ असं बटण आहे का बघा. ते दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं वायफायचं बटण (कंपनी सांगेल तसं) दाबा. दोघं आपापसांत ओळख करून घेतात. सगळ्या राउटरांवर ही सोय नसते, पण असली तर सोन्याहून पिवळं.

जुळलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा रुसलं!

ही तक्रार आपल्याकडे फार, आणि तिचं मूळ विजेत आहे. वीज गेली की दोन्ही यंत्रं बंद पडतात आणि आली की एकदमच उठतात. प्रिंटर अर्ध्या मिनिटात तयार, राउटर अजून डोळे चोळतोय! प्रिंटर हाका मारतो, उत्तर येत नाही, की तो गप्प बसतो. उपाय सोपा. वीज आल्यावर राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, मग प्रिंटर लावा.

दुसरं कारण पत्त्याचं. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, आणि वीज जाऊन आली की कधीकधी तो बदलतो. संगणक जुन्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि ‘प्रिंटर ऑफलाइन’ म्हणतो. प्रिंटरवरचं माहितीचं बटण दाबलं तर बहुतेक प्रिंटर स्वतःची कुंडली छापून देतात. त्यात हा पत्ता असतो. बऱ्याच घरांत तो १९२.१६८ नं सुरू होतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर समजावं, की राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. जोडणी पुन्हा करायची. पत्ता वरचेवर बदलत असेल तर वायफायवाल्याला ‘प्रिंटरचा पत्ता कायम करून द्या’ म्हणावं. तोवर संगणकातून जुना प्रिंटर काढून नव्यानं घेतला तरी काम चालतं.

आणि एक विनंती. छापलं जात नाही म्हणून ‘प्रिंट’वर दहादा बोट आपटू नका. दहाच्या दहा हुकूम रांगेत उभे राहतात, आणि रुसवा निघाला की एकच लेबल दहा वेळा छापून शाईचा सत्यानाश! आधी रांग रिकामी करा, मग एकदाच हुकूम द्या.

ऑर्डर उद्या सकाळी आहे!

समजा, रात्रीचे नऊ वाजलेत. सकाळच्या एस.टी.नं मसाल्याची पन्नास पाकिटं पाठवायची आहेत, आणि वायफाय काही ऐकत नाही. तेव्हा वायफायशी भांडत बसू नये. आडवाटेनं जावं.

संगणक असेल तर साधी यूएसबी वायर लावा. छपाईचं काम वायफायवाचून होतं. वायर खोक्यात नसली तर प्रिंटरची केबल म्हणून दुकानात मिळते; एक आणून ठेवाच. संगणक नसेल तर ‘वायफाय डायरेक्ट’ पाहा : पुष्कळ प्रिंटर स्वतःचं छोटं वायफाय तयार करतात, फोनच्या यादीत त्यांचं नाव दिसतं, आणि पोस्टमन मध्ये न घेता फोन थेट त्यांच्याशी बोलतो.

घरात राउटरच नाही, सगळा कारभार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, अशीही घरं आहेत. त्यांनी हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडावं, आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कॉम्पॅटिबिलिटी’ चालू करावं. प्रिंटर एका फोनच्या हॉटस्पॉटला जोडावा आणि कागद दुसऱ्या फोनवरून पाठवावा, म्हणजे बहुधा अडत नाही.

फोनवरच्या भामट्यापासून सावध!

आता सगळ्यांत महत्त्वाचं. प्रिंटर अडला की माणूस घाईनं मोबाइलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतो. तिथं खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘ताई, मी इथूनच दुरुस्त करतो’ म्हणतो, आणि एक अॅप घ्यायला लावतो. त्या अॅपमुळं तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो, बँकेचा ओटीपीसुद्धा! ‘दहा रुपये फी भरा’ एवढं निमित्त, आणि बचतगटाचे पैसे बघता बघता गायब.

तेव्हा क्रमांक घ्यायचा तो फक्त खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा. वायफाय जोडायला ओटीपी, पिन, कार्डाचा नंबर यांतलं काहीही लागत नाही. कुणी मागितलंच तर फोन ठेवून द्या, भीड कसली? आणि दुर्दैवानं पैसे गेलेच, तर लाजत, रडत बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. ‘स्त्री’ मासिक निघालं तेच साल, १९३०. आकडा लक्षात राहायला अवघड नाही!

एकदा जुळला की

प्रिंटर वापरत राहा. शाईचा असेल तर आठवड्यातून एखादं रंगीत पान काढावं, म्हणजे शाई वाळून तोंड बुजत नाही. बंद करताना भिंतीवरचं बटण न दाबता प्रिंटरवरचं दाबावं. लेझर प्रिंटर असेल तर तो छोट्या इन्व्हर्टरवर लावू नये. तापताना तो एकदम फार वीज ओढतो.

आणि वर काच असेल तर तो नुसता छापत नाही, कागदांच्या प्रतीही फोनमध्ये उतरवून देतो. नदीकाठच्या मैत्रिणींनी पावसाळ्याआधी एक दुपार काढावी. घराचे कागद, दाखले, विमा, बँकेची पुस्तकं, सगळ्याच्या प्रती उतरवून सुरक्षित ठेवाव्यात. पाण्यात भिजलेले कागद उन्हात वाळवत बसणं काय असतं, ते सांगलीकरांना सांगायला नको.

शेवटी एक छोटं काम. वाणसामानाची वही असते ना, तिच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून ठेवा : घरच्या २.४ वायफायचं नाव, प्रिंटरचा मॉडेल नंबर, वॉरंटी कार्डावरचा मदत क्रमांक आणि वायफायवाल्याचा फोन. पासवर्ड मात्र वेगळ्या, आपल्यालाच ठाऊक अशा जागी.

माणदेशातल्या म्हसवडच्या बायका बँक काढायला निघाल्या, तेव्हा लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्यांचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली त्यांची बँक उभी राहिली. त्यांच्यापुढं हा टेबलावरचा डबा तो काय! दिवाळीला मुलगा येईल तेव्हा त्याला फराळ द्या, आणि त्याच्या प्रवासाचं तिकीट तुम्हीच छापून हातात ठेवा.